अंगणवाडीला पडदा मिळाला, बोलणारं माणूस कधी मिळणार?

'सक्षम अंगणवाडी' योजनेत देशातल्या २ लाख अंगणवाड्यांमध्ये एलईडी पडदा, पाणी शुद्ध करणारं यंत्र, परसबाग अशा सोयी करायच्या आहेत. पाण्याची आणि परसबागेची सोय हवीच. पण पडद्यावर बडबडगीतं लावली की मुलं शिकतात, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. त्याच्या जोडीला एक आकडा नेहमी ऐकू येतो: सहा वर्षांपर्यंत मेंदूचा ८५ टक्के विकास होतो. हे प्रमाण मेंदूच्या आकारमानाला लागू पडतं. जन्माच्या वेळी साधारण ३५० ते ४०० ग्रॅम असलेला मेंदू सहाव्या वर्षापर्यंत प्रौढ मेंदूच्या जवळपास पोहोचतो. शिकण्याची क्षमता ग्रॅममध्ये मोजत नाहीत. ती समजून घ्यायची तर पेशींमधल्या जोडण्यांकडे, म्हणजे चेतासंधींकडे, बघावं लागतं.

हुटेनलोकर आणि दाभोळकर या संशोधकांनी १९९७ साली मानवी मेंदूतल्या चेतासंधींची मोजदाद प्रसिद्ध केली. ऐकण्याच्या भागात त्यांची दाटी तिसऱ्या महिन्याच्या आसपासच कळसाला पोहोचते. कपाळामागच्या भागात, जिथे लक्ष देणं, थांबणं, ठरवणं ही कामं चालतात, तिथे ती पंधराव्या महिन्यानंतर कळस गाठते. मग छाटणी सुरू होते. ऐकण्याच्या भागात ती बाराव्या वर्षापर्यंत संपते, कपाळामागे पौगंडावस्थेच्या मध्यापर्यंत चालते.

कोणती जोडणी राहणार, हे ठरतं कसं? चेतासंधीच्या पलीकडच्या पेशीवर एनएमडीए नावाचा ग्राही, म्हणजे संदेश झेलणारं प्रथिन, असतो. त्याच्या नळीत मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. अलीकडच्या पेशीने ग्लुटामेट हे संदेश नेणारं रसायन सोडलं तरी तेवढ्याने बूच निघत नाही. त्याच वेळी पलीकडची पेशीही विद्युतदृष्ट्या उत्तेजित झालेली असावी लागते. दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या तरच मॅग्नेशियम बाहेर फेकलं जातं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी त्या जागी एएमपीए नावाचे आणखी ग्राही आणून बसवते. जोडणी पक्की होते. ज्या जोडण्यांवर असं एकत्र काम होत नाही, त्या दुबळ्या होतात. उंदरांच्या दृष्टिमार्गात असं दिसलं आहे की अशा दुबळ्या जोडण्यांवर सी१क्यू आणि सी३ या प्रथिनांची खूण लागते. ही प्रथिनं एरवी जंतूंवर खूण करतात. खूण पाहून मायक्रोग्लिया या मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी ती जोडणी गिळून टाकतात. ही छाटणी आवश्यक आहे. सगळ्याच जोडण्या टिकल्या तर संदेशांचा नुसता गोंगाट होईल. म्हणून 'जितक्या जोडण्या जास्त तितकं मूल हुशार' हा जाहिरातीतला दावा चुकीचा.

एक सावधगिरी इथेच. हे रेणवीय काम मिलिसेकंदांत होतं, मुलाशी होणारं बोलणं सेकंदांत. एकावरून दुसऱ्याचा थेट हिशेब मांडता येत नाही. पण बोलण्याचा परिणाम वेगळा मोजला गेला आहे. संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ सत्रांत मँडरिन ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसांकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता आले. तेच साहित्य पडद्यावर पाहिलेल्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. २०१८ साली ४ ते ६ वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं छोट्या यंत्राने नोंदवलं गेलं. मूल बोललं आणि मोठ्या माणसाने पाच सेकंदांच्या आत उत्तर दिलं, किंवा उलट, की एक 'फेरी'. ज्या मुलांच्या वाट्याला अशा फेऱ्या जास्त आल्या, त्यांच्या मेंदूतला ब्रोका हा भाषेचा भाग गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय दिसला. नुसते किती शब्द कानावर पडले आणि घरचं उत्पन्न किती, हे विचारात घेऊनही हा संबंध टिकून राहिला.

या साध्या गोष्टीऐवजी हजारो रुपये भरून 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या वर्गाला, म्हणजे मध्यमेंदू 'जागा करून' डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या वर्गाला, मुलं पाठवणाऱ्या पालकांना एवढंच सांगायला हवं: मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारं मूल नाकाजवळच्या फटीतून खाली बघत असतं. पट्टी नीट चिकटवली की वाचन थांबतं. मुलालाच फसवणूक करायला शिकवणारा हा धंदा आहे.

आता अंगणवाडीचा हिशेब करू. पटावर ३० मुलं, शिकवण्याचा वेळ दोन तास. सेविकेने दुसरं काहीही केलं नाही तरी एका मुलाच्या वाट्याला ४ मिनिटं. प्रत्यक्षात तिला वजन-उंची घ्यायची असते, टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा शिधा, वाटताना चेहऱ्याची ओळख पटवायची असते, पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपमध्ये नोंदी भरायच्या असतात, गरोदर मातांच्या गृहभेटी आणि लसीकरणाचा दिवस असतोच. म्हणून वर्गात एकच पद्धत उरते: चित्र दाखवून "हे काय?" आणि तीस कंठांतून "आंबा!" या आरोळीत पुढची चार मुलं बोलतात, बाकीची ओठ हलवतात. ही फेरी नव्हे.

फेरी अशी होते. पाच-सहा मुलांचा गट, एकच चित्रपुस्तक, तीच गोष्ट तीन-चार दिवस. मूल म्हणालं "कुत्रा", की "हो, काळा कुत्रा. कुठे निघाला असेल?" आणि मग मनात पाचपर्यंत मोजत गप्प राहायचं. बहुतेक वेळा बिघडतं इथेच: दुसऱ्या सेकंदाला आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. मुलाची चूक सुधारायची नाही, बरोबर वाक्य आपल्या उत्तरात गुंफायचं. तो म्हणाला "कुत्रा गेली", तर "अरे, कुत्रा गेला होय? कुठे?" मेळघाटात मूल कोरकूत बोललं तर कोरकूतच उत्तर हवं. मदतनीस बहुधा त्याच गावच्या असतात, त्यांना ही भाषा येते. मग त्यांना खिचडीच्या पातेल्याशीच का अडकवून ठेवायचं?

तामिळनाडूत ३२० अंगणवाड्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांत फक्त शिकवण्यासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती दिली गेली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. १८ महिन्यांनी, केंद्रात टिकून असलेल्या मुलांचे गुण गणितात ०.२९ आणि भाषेत ०.४६ प्रमाण विचलनाने वाढले. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत भाषेत पन्नासावं असलेलं मूल साधारण बत्तिसावं झालं. शिवाय खुरटलेल्या मुलांचं प्रमाणही घटलं, कारण जुन्या सेविकेला पोषणाच्या कामाला वेळ मिळाला.

हीच मागणी महाराष्ट्राने करायला हवी. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, ती पडद्याच्या जोरावर नव्हे. केंद्राने सेविकेचं मानधन २०१८ साली ४,५०० रुपये ठरवलं. त्यात आणखी एक काम घालणं अन्याय आहे. दुसरी प्रशिक्षित व्यक्ती आणि तिचं मानधन मागायला हवं. कायद्यातली फटही तिथेच आहे. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. तीन वर्षांवरच्या मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाबद्दल कलम ११ म्हणतं, सरकार व्यवस्था 'करू शकेल'. 'करील' म्हणत नाही. आमदार-खासदारांना पत्र लिहिताना हे कलम आणि हा एक शब्द लिहून द्या, आणि सोबत आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत दर मुलामागे किती मिनिटं मिळतात तो आकडा जोडा.