शिक्रा की पावशा? आधी पाय बघा

एप्रिलमधली गोष्ट. सकाळी सव्वासहाला आम्ही चौघं पुण्यातल्या वेताळ टेकडीवर खाणीकडे जाणाऱ्या वाटेला होतो, माझ्या गळ्यात दादाची जुनी दुर्बीण, आणि समोरच्या गिरीपुष्पाच्या गर्दीतनं एक करडा पक्षी सुळ्ळकन बाहेर आला. चारपाच वेळा पंख फडफड, मग तरंगत खाली, मग परत वर उचल घेऊन पलीकडच्या झाडात जाऊन बसला. बसल्यावर शेपटी अशी डावीउजवीकडे झटकली. त्याबरोबर सातभाईंनी जो काही दंगा सुरू केला ना, दोन खारी पण खोडाला चिकटून चिर्रर्र करायला लागल्या. मी लगेच "शिक्रा! शिक्रा!" करून सगळ्यांना दाखवला, एकदम कॉन्फिडन्समध्ये.

मागनं एक काका आले. टेकडीवर रोज दिसतात, पण ओळख अशी नाही. त्यांनी फक्त विचारलं, "पाय दिसले का गं?" मी म्हटलं पाय कशाला काका, शेपटीवर पट्टे आहेत, छाती तांबूस आहे, पाठ करडी, शिक्राच आहे. काका "बरं" म्हणाले आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला. दोन मिनिटांनी माझ्या शिक्र्याने चोच उघडली आणि "पेरते व्हा, पेरते व्हा, पेरते व्हाऽ" करत स्वर चढवत चढवत टिपेला नेला आणि फट्कन बंद.

शिक्रा असं काही बोलत नाही. तो पावशा होता.

तर हे त्या दिवशीच्या फजितीचं प्रायश्चित्त समजा. पुण्यात राहून पक्षी बघायला सुरुवात केलेल्या प्रत्येकाचा या दोघांपायी एकदा तरी पोपट होतो, आणि त्यात आपली चूक कमी आणि पावशाची हुशारी जास्त आहे.

आधी कोण कोण ते बघू. शिक्रा म्हणजे खराखुरा शिकारी पक्षी, छोट्या चणीचा, साधारण पारव्याएवढा. सोसायटीतले लोक त्याला सरसकट घार म्हणतात, कधी ससाणा म्हणतात, दोन्ही चूक. घार केवढी मोठी असते, तिच्या शेपटीला खाच असते. आणि ससाण्याचं तर अजून भारी आहे, जनुकं तपासल्यावर कळलं की ससाणे हे शिक्रा-घार-गरुड या मंडळींपेक्षा पोपटांचे जवळचे नातेवाईक आहेत. हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले काहीही. पण खरंच तसं आहे. पावशा मात्र कोकिळेच्या घराण्यातला. म्हणजे नात्याने दोघांचा काडीचाही संबंध नाही, आणि दिसायला जुळे भाऊ.

आता हे सारखं दिसणं किती खोलवर गेलंय ते बघा. मोठा शिक्रा वरनं राखाडी, खाली पांढऱ्यावर तांबूस बारीक आडव्या रेघा. मोठा पावशाही वरनं राखाडी, खाली तांबूस, पोटाकडे आडव्या रेघा. दोघांच्या शेपटीवर गडद पट्टे. उडण्याची तऱ्हा तीच, फडफड-फडफड आणि तरंगणं. बसायच्या आधी वर उचल घेणं तेच, बसल्यावर शेपटी झटकणं तेच. मला सगळ्यात वेड लावलं ते पिल्लांनी. शिक्र्याचं वयात न आलेलं पोर वरनं तपकिरी असतं आणि छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे ठिपके-फराटे असतात. पावशाचं पोर? तेही तपकिरी, छातीवर उभे फराटे! म्हणजे मोठ्याने मोठ्याची कॉपी केली आणि लहानाने लहानाची. परीक्षेत पुढच्याचा पेपर बघून लिहिताना त्याची खाडाखोड पण उतरवून काढावी तसला प्रकार.

हे योगायोगाने होत नाही. धोकादायक किंवा विषारी प्राण्यासारखं दिसून एखाद्या निरुपद्रवी प्राण्याने स्वतःचा फायदा करून घेणं, याला बेट्सियन मिमिक्री म्हणतात. हेन्री वॉल्टर बेट्सने ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरनं १८६२ मध्ये हे मांडलं. कोकिळांच्या बाबतीत हे खरंच चालतं का हे इंग्लंडमध्ये डेव्हिस आणि वेलबर्गन या दोघांनी करून बघितलं, २००८ मध्ये त्यांचा पेपर आला. त्यांनी तिथल्या लहान पक्ष्यांसमोर कुक्कूचा, म्हणजे तिथल्या कोकिळेचा नमुना ठेवला, स्पॅरोहॉकचा, म्हणजे शिक्र्याच्या तिथल्या भाऊबंदाचा ठेवला, साध्या होल्याचाही ठेवला. होल्याला कुणी भीक घातली नाही, पण कुक्कूला बघून ते शिकारी पक्ष्याला घाबरावं तसेच घाबरले. आणि पोटावरच्या रेघा झाकल्या की कुक्कूची भीती कमी झाली. म्हणजे सगळी जादू त्या रेघांत. नंतर २०१३ मध्ये ग्लकमन आणि मंडी यांनी वेगवेगळ्या कोकिळांच्या रेघा मोजून दाखवलं की त्या ज्या भागात राहतात तिथल्याच शिकारी पक्ष्यांच्या रेघांशी जास्त जुळतात. बरोबरच आहे म्हणा, कोथरूडच्या सातभाईला घाबरवायला सायबेरियातल्या शिकारी पक्ष्याचा वेष घालून काय उपयोग.

आणि सातभाईला घाबरवायचं कशाला, तर अंडं घालायला. पावशा स्वतः घरटं बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात एक अंडं टाकते, सातभाईंची अंडी मस्त निळी असतात आणि हिचंही निळंच. (सातभाई आपल्याकडे भाऊ आहेत, इंग्रजीत त्यांना सात बहिणी म्हणतात, कुणी बघितलंय तिथे.) शिक्रा आला समजून सातभाई घरट्यापासून हलले की मादीचं काम सोपं होतं, असं यामागचं कारण मानलं जातं. शिक्र्याचं सगळं सरळ आहे, काटक्या गोळा करून कावळ्यासारखं ओबडधोबड घरटं स्वतः बांधायचं, स्वतः अंडी उबवायची, स्वतः पोरं पोसायची.

मग ओळखायचं कसं. काकांचं "पाय" हे उत्तर मला नंतरनं कळलं आणि आता मी पण सगळ्यांना तेच सांगत सुटते. यात माझं एक साधं लॉजिक आहे: पावशाने तेवढीच नक्कल केलीय जेवढी लांबनं आणि घाईत दिसते. रंग, रेघा, उडणं. चोच आणि पाय बघण्याइतका जवळ सातभाई थांबतोय कशाला, तो आधीच बोंब मारत सुटलेला असतो. त्यामुळे चोच आणि पाय पावशाने कोकिळेचेच ठेवलेत. दुर्बीण आहे तर आपण नेमकं तिथेच बघायचं.

शिक्र्याची चोच आखूड, मुळापासनंच वळलेली, टोकाला आकडा, मांस फाडायची हत्यारच ती. पावशाची चोच सरळसर, बारीक, टोकाला किंचित वाकलेली, किडे उचलायची. शिक्र्याचे पाय लांब, पिवळे, तीन बोटं पुढे एक मागे आणि नख्या अशा की बघूनच सरड्याला धडकी भरावी. पावशाचे पाय आखूड, बिचारे, दोन बोटं पुढे आणि दोन मागे, पोपटासारखी. फांदी पकडायला ठीक, शिकार धरायला शून्य. डोळा दिसला तर अजून एक: पावशाच्या डोळ्याभोवती पिवळी कडी असते, अगदी चष्म्याची फ्रेम घातल्यासारखी. शिक्र्याच्या नराचा डोळा लालभडक, मादीचा पिवळा-नारिंगी, पण ती कडी अशी उठून दिसत नाही. शिक्र्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध एक पुसट उभी रेघ असते, ती दिसली तर विषयच संपला, पण ती दिसायला नशीब लागतं.

रंगावर मात्र जाऊ नका. सकाळच्या उन्हात सगळेच तांबूस दिसतात.

खाणं बघायला मिळालं तर सगळ्यात सोपं. शिक्रा पानाआड गप्प बसून राहतो आणि सरडा, उंदीर, लहान पक्षी, कधी मोठे किडे, जे मिळेल त्यावर झडप घालतो. आमच्या शेजारच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर एकदा एक शिक्रा सरडा पायाखाली दाबून बसला होता, सरड्याची शेपटी अजून हलत होती, आणि तो दर घासाला मान वर करून इकडेतिकडे बघत होता, कुणी हिसकावून नेईल म्हणून. पावशा खातो सुरवंट. केसाळ सुद्धा, ज्याला हात लागला तर आपल्याला रात्रभर खाज. तो सुरवंट चोचीत धरून दाबतो, फांदीवर घासतो, आतली आतडी बाहेर काढतो कारण विष बऱ्याचदा त्यातच असतं, आणि मग गिळतो. केस पोटात वेगळे होतात आणि नंतर त्यांची गोळी करून तो ओकून टाकतो. हे वाचल्यापासनं शिक्र्यापेक्षा मला हाच जास्त डेंजर वाटतो.

आवाजाचं म्हणाल तर पावशा एकदा बोलला की शंकाच नाही, पण तो बोलतो उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. थंडीत जवळजवळ मुका. डिसेंबरमध्ये टेकडीवर गप्प बसलेला दिसला तर परत पाय बघणं आलंच. मी आजीला ही सगळी गोष्ट सांगितली तर ती हसायलाच लागली. आजी जुन्नरकडची. म्हणाली, "अगं त्याला बघायचं कशाला? तो ओरडला की आम्ही बियाणं बाहेर काढायचो." तिने आयुष्यभर पावशा ऐकलाय आणि एकदाही बघितलेला नाही. मी फोटो दाखवला तर म्हणाली, "हा होय? हा तर बहिरी ससाण्यासारखा दिसतो." म्हणजे आजीचा पण पोपट. आपल्याला त्याच्या ओरडण्यात पेरते व्हा ऐकू येतं, हिंदीवाल्यांना पी कहाँ, आणि इंग्रजांना ब्रेनफीव्हर, कारण तो चांदण्या रात्री पण थांबत नाही आणि बिचाऱ्यांना झोप लागत नसणार. तीनही तीन तीन ठोक्यांचे आहेत, म्हणून बघा मोठ्याने. आणि चातक तो वेगळा बरं का, काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला, त्याची आणि पावशाची पण लोक सरमिसळ करतात. तोही सातभाईंच्याच जिवावर उठलेला.

शिक्र्याचा आवाज म्हणजे टिट्यू-टिट्यू किंवा तीक्ष्ण कि-कि. पण इथे पण एक गोम आहे. कोतवाल, तो काळा दुभंगलेल्या शेपटीचा, शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. मैनांचा थवा चरत असला की हा तो आवाज काढतो, मैना घाबरून उडतात आणि त्यांचा सोडलेला किडा हा उचलतो. म्हणजे एकट्या शिक्र्याचा वेष एकाने पळवला, आवाज दुसऱ्याने. त्यामुळे आवाजावरनं पक्षी ओळखणाऱ्या ॲपवर नुसतं शिक्रा असं आलं म्हणून यादीत टिक करू नका, वर वायरीवर कोतवाल बसलाय का बघा. माझ्या यादीतले दोन शिक्रे मी असेच नंतर खोडलेत.

ऑगस्टमध्ये एका दुपारी पाऊस थांबला होता आणि आई खिडकीतनं हाक मारायला लागली, "लवकर ये गं, सातभाईंनी शिक्र्याचं पिल्लू धरलंय!" खाली पार्किंगच्या कंपाउंडवर एक तपकिरी, छातीवर फराटे असलेला, चांगला थोराड पक्षी पंख थरथरवत बसलेला, आणि समोर त्याच्याहून लहान सातभाई. मी दुर्बीण आणेपर्यंत दुसराही सातभाई आला. पिल्लाने कि-कि-कि करत एवढा मोठा आ वासला आणि सातभाईने आख्खं डोकं आत घालून अळी कोंबली. मी पाय बघितले. दोन पुढे, दोन मागे.

"अगं आई, धरलं नाहीये," मी म्हटलं, "भरवतायत त्याला."