हेडफोन जॅकमधून अ‍ॅम्प लावला तर काही जळत नाही

किती वर्षं झाली तरी हे फिरतंच आहे, की प्लेअरचा हेडफोन आउट हेडफोन अ‍ॅम्पला (हेडफोनसाठीच्या वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरला) जोडला की 'डबल अ‍ॅम्पिंग' (तोच सिग्नल दोनदा वाढवणं) होतं आणि दोघांपैकी एक नक्की उडतं. नाही उडत हो. अ‍ॅम्पच्या इनपुटचा इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) साधारण 10 किलोओहम किंवा त्याहून जास्त असतो आणि हेडफोनचा बहुतेक वेळा 16 ते 300 ओहम, म्हणजे प्लेअरला उलट कितीतरी कमी करंट द्यावा लागतो, त्याला हे काम हलकंच.

प्लेअरला लाइन आउट (अ‍ॅम्पला जोडायचा वेगळा आउटपुट) असेल तर तोच वापरा, जुन्या आयपॉडच्या 30 पिन डॉकमधून मिळायचा तसा, कारण त्यात प्लेअरचा व्हॉल्यूम कंट्रोल मधे येत नाही. पण नसेल तर अडत नाही काही.

आणि असं जोडताना प्लेअरचा व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवा, असा सल्ला देतात तो? सिग्नल कमी दिला की अ‍ॅम्पवर जास्त वाढवावं लागतं आणि मागची खरखर पण सोबत वाढते. त्यापेक्षा जवळपास फुल ठेवा, आवाज फाटला तर थोडा खाली आणा, बाकी अ‍ॅम्पच्या नॉबवर. बास बूस्ट मात्र आधी बंद करा, बऱ्याचदा फाटतं ते त्याच्यामुळेच.