हेड गॅस्केट उडालंय की हेडच वाकलंय? नवं गॅस्केट टाकण्याआधी हे तपासा

मे महिन्यात माणसं-सामान भरलेली जुनी मारुती ८०० कसारा घाट चढून इगतपुरीला येईपर्यंत टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत जातो. गाडी कशीबशी नाशिकला पोचली की निदान ठरलेलं असतं: हेड गॅस्केट उडालं, बदलून टाका. निदान बऱ्याचदा बरोबर असतं, पण अपुरं. ज्या उष्णतेनं गॅस्केट जळलं, त्याच उष्णतेनं हेड वाकलेलं किंवा तडकलेलं असू शकतं. तशा हेडखाली घातलेलं नवं गॅस्केट पुढच्या घाटात पुन्हा जातं.

हेड (इंजिनाचं वरचं झाकण) आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) यांच्यामध्ये दाबून बसलेलं गॅस्केट सिलिंडरमधला जळणाचा दाब, कूलंट आणि ऑइल या तिघांना एकमेकांपासून वेगळं ठेवतं. प्रत्येक बोअरभोवती (सिलिंडरच्या भोकाभोवती) त्याला धातूची कडी असते. ही कडी एखाद्या जागी जळली की गॅस्केट उडालं. हेड वाकणं निराळं. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, आणि बोल्ट मात्र हेडला जागेवर धरून ठेवतात. तापमान हाताबाहेर गेलं की हेड वाकतं आणि थंड झाल्यावरही सरळ होत नाही.

बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, गोंधळ होतो तो त्यामुळेच. गळती कुठे दिसत नाही तरी कूलंट कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो, गाडी चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो. यातलं एकही लक्षण दोघांपैकी नेमकं कोण हे सांगत नाही. ऑइलच्या झाकणाखाली साचलेली दुधी साय तर पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या धडधाकट गाडीतही दिसते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधी असेल तरच ती गंभीर धरा.

कॉम्प्रेशन टेस्टनं, म्हणजे स्टार्टर मारून सिलिंडरमधला दाब गेजवर मोजल्यानं, थोडा अंदाज येतो. सगळे स्पार्क प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा घ्या. सिलिंडरांमध्ये १ किलोपेक्षा (प्रति चौरस सेंटिमीटर) जास्त फरक नको. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली आले असतील, तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळल्याचा दाट संशय घ्या. एकच सिलिंडर कमी आणि कूलंटही जातंय, तर गॅस्केट किंवा तडा, काहीही असू शकतं. गाडी थंड असताना सगळं ठीक आणि चांगली तापल्यावरच कूलंट जायला लागतं, तर तड्याकडे पारडं झुकतं, कारण उष्णतेनं तडा उघडतो. प्लग काढून स्टार्टर मारताना एखाद्या भोकातून पाणी उडालं, तर सगळं पाणी बाहेर येईपर्यंत प्लग परत लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी अडकलेलं असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

खरा निकाल हेड उतरवल्यावरच लागतो, आणि उतरवण्याची पद्धतही हेड वाकवू शकते. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं राहिलेलं. बॅटरी काढा, कूलंट काढून घ्या, पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणून टायमिंगच्या खुणा जुळवा आणि त्यांचा फोटो काढून ठेवा, मगच टायमिंग बेल्टला हात लावा. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे सैल करा. चिकटलेलं हेड सोडवायला फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडाही पुढे गळतीची वाट होतो.

आता जुनं गॅस्केट फेकण्याआधी नीट वाचा. कडी एका जागी काळी पडून तुटलेली आणि बाकीचा ठसा सगळीकडे सारखा असेल, तर दोष मुख्यतः गॅस्केटचा. मधल्या बोअरपाशी ठसा फिका आणि टोकांना खोल असेल, तर हेड वाकलेलं आहे. गॅस्केट सगळीकडे अखंड असूनही कूलंट जात होतं, तर तडा शोधायला लागा. या वाचनाला पाच मिनिटं लागतात, पण बहुतेक ठिकाणी जुनं गॅस्केट थेट कचऱ्यात जातं.

मोजमापाला अचूक स्ट्रेट एज आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) लागतात. घरातली स्टीलची पट्टी चालणार नाही. हेडचा फेस (गॅस्केटवर बसणारी सपाट बाजू) स्वच्छ करून सहा रेषांत तपासा: दोन लांबीत, दोन रुंदीत, दोन कर्णावर. सुझुकीच्या या इंजिनांसाठी मर्यादा ०.०५ मिमी धरतात. त्याहून जाड पात खाली शिरली तर फेस घासून सपाट करायलाच हवा. अगदी किरकोळ फरक असेल तर सरफेस प्लेटवर ४०० नंबरचा पेपर ठेवून हेड घासता येतं, नाहीतर नाशिकच्या अंबड-सातपूर भागात फेसिंग करणारं वर्कशॉप गाठा. ब्लॉकचा फेसही याच रीतीनं मोजा, तो बहुधा विसरला जातो. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमध्येच असलेल्या इंजिनात आणखी एक गोष्ट बघा: रॉकर सोडल्यावर कॅम हातानं मोकळा फिरतो का? अडखळत असेल तर हेड आरपार वाकलंय. फेस केल्यानं खालची बाजू सपाट होईल, कॅमची बैठक वाकडीच राहील.

तडा बहुधा दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधे किंवा सीट आणि प्लगच्या भोकाच्या मधे सापडतो. डाय पेनिट्रंटचा सेट वापरा: स्वच्छ करा, लाल डाय लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. तडा असला तर लाल रेघ उमटते. कूलंटच्या पोकळीतला आतला तडा यात दिसत नाही. त्यासाठी वर्कशॉपमध्ये हेडची भोकं बंद करून, गरम पाण्यात बुडवून हवेचा दाब देऊन बघतात. तडकलेलं हेड वेल्ड करण्यापेक्षा चांगलं वापरलेलं हेड घेऊन तेही तपासून बसवणं बरं, असं आमचं मत आहे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचं ॲल्युमिनियम मऊ पडतं.

बसवताना सगळ्यात जास्त घोळ साफसफाईत होतो. ग्राइंडरला घासायची चकती लावून ब्लॉक चकाचक करू नका, तिचे कण ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जातात. प्लास्टिकचा स्क्रेपर आणि धीर पुरेसा आहे. बोल्टच्या भोकांत ऑइल-पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना दाबानं ब्लॉक फुटू शकतो. भोकं फुंकून, कापडानं कोरडी करा. गॅस्केटवर वरच्या बाजूची खूण असेल ती वरच ठेवा, ऑइलचं भोक जुळतंय ना ते बघा, आणि पाकिटावर सांगितलं नसेल तर सीलंट लावू नका. बोल्ट मध्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं), तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार आवळा. ताणून बसणारे बोल्ट असतील तर नवेच घ्या.

मग मूळ कारणाकडे वळा. फॅन लागतो का, बोअरवेलच्या जड पाण्यानं रेडिएटर चोक झालाय का, आणि उन्हाळा आला म्हणून थर्मोस्टॅट कुणी काढून टाकलाय का? रेडिएटर कॅपही बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथं उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तर ०.९ किलो दाबाची चांगली कॅप हाच आकडा ११७ च्या जवळ नेते. स्प्रिंग गेलेली कॅप म्हणजे ही सगळी सवलत हातची जाते. घाटात उकळलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायची सवयही सोडा. गाडी बंद करून थंड होऊ द्या, कारण तापलेल्या हेडला अचानक गार केल्यानंच बरेच तडे जातात.

कूलंट ऑइलमध्ये गेलं असेल तर फिल्टरसह ऑइल बदला, इंजिन काही मिनिटं चालवा आणि पुन्हा एकदा बदला. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) लावा, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरा, कॅप उघडी ठेवून हवा निघू द्या. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी उभ्यानंच चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी परत बघा.