ग्रह न्याहाळण्याची किंमत : अंतराळ-स्ट्रॅटेजी खेळांतील खनिजशोधाची पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यात बोअर मारायची ठरली की आधी पाणाड्याला बोलावतात. तळहातावर नारळ आडवा धरून तो रानभर फिरतो आणि जिथे नारळ उभा राहतो तिथे चुन्याची फुली मारतो. या पाहणीला खर्च थोडा असतो. खरा खर्च सुरू होतो तो बोअरची गाडी बांधावर उभी राहिल्यावर, कारण तिचा हिशोब फुटावर असतो आणि पांढरी भुकटी उडत राहिली तरी तो थांबत नाही. ग्रहांवरील खनिजे शोधण्याचे जे खेळ बेळगावातली कॉलेजची मुले रात्र-रात्र खेळतात, त्यांच्या चाळीस वर्षांच्या इतिहासाकडे याच हिशोबातून पाहता येते. पाहण्याची किंमत किती ठेवायची, खणण्याची किती, आणि ती इंधनात वसूल करायची की खेळणाऱ्याच्या वेळात, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील खेळकर्त्यांनी वेगळ्या रीतीने सोडवला आहे.

ग्रहांची मोठी संख्या आधी आली, तपासणी नंतर. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांच्या १९८४ च्या ‘एलीट’मध्ये आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह होते. हे सारे गणिती सूत्रातून जागच्या जागी तयार होत असल्याने ते त्या काळच्या तोकड्या मेमरीत मावले. मात्र त्या ग्रहांवर खनिज शोधायचे नव्हते. बाजारभाव पाहून व्यापार करायचा होता. कक्षेत थांबून ग्रह तपासायचा आणि मग उतरायचे की नाही ते ठरवायचे, ही रीत ठळकपणे मांडली १९८६ च्या ‘स्टारफ्लाइट’ने. त्यात २७० ग्रहमाला आणि सुमारे ८०० ग्रह होते. जहाजावरील विज्ञान अधिकारी वातावरण, पाणी आणि खडक यांत काय आहे ते सांगे. पुढे नकाशावर जागा निवडून यान उतरवायचे आणि गाडी फिरवून खनिज भरायचे. इंधनही खनिजच होते, त्याचे नाव एन्ड्युरियम. आपण जे जाळत आलो ते स्फटिक म्हणजे अतिशय संथ गतीने जगणारे जीव आहेत, हे खेळाच्या शेवटाकडे कळते. खेळ इतका जुना झाला आहे की हे गुपित फोडल्याबद्दल कोणी रागावू नये. खाणकामाची इतकी जड किंमत त्यानंतरच्या फार थोड्या खेळांनी मागितली आहे.

या खेळांना प्रत्यक्षातला आधारही मिळाला होता. पृथ्वीची साधनसंपत्ती वरून पाहण्यासाठीचा पहिला लँडसॅट उपग्रह जुलै १९७२ मध्ये गेला. भारताचा आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये. वेगवेगळी खनिजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबी शोषतात, एवढ्या एका गोष्टीवर ही विद्या उभी आहे. २००८ मध्ये निघालेल्या चांद्रयान-१ वरील खनिजमापक उपकरणाने चंद्रावर पाण्याची चिन्हे टिपली, तीही याच रीतीने. खेळातला स्कॅन मात्र क्षणात खात्रीचे उत्तर देतो, आणि असे उत्तर कोणताही उपग्रह देत नाही.

तपासणी फुकट आणि उतरणे महाग, हा तोल सर्वांत नेमका साधला तो १९९२ च्या ‘स्टार कंट्रोल २’ने. कक्षेत आल्यावर खनिज, ऊर्जा आणि जीव असे तीन स्कॅन करता येत आणि ग्रहाच्या नकाशावर ठिपके उमटत. सामान्य खनिजाच्या एका एककाला १, मौल्यवान धातूला ६, किरणोत्सारीला ८ आणि अतिदुर्मिळ पदार्थाला तब्बल २५ असा भाव होता. ठिपके पाहायला काही पडत नसे; पण उतरताना ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणानुसार इंधन जाई, आणि लँडरमध्ये, म्हणजे ग्रहावर उतरणाऱ्या छोट्या यानात, असत बारा माणसे. भूकंप, वीज, पेटती जमीन यांत ती एकेक करून मरत. २५ भावाचा एक ठिपका ज्वालांच्या पलीकडे दिसतो आहे आणि लँडरमध्ये तीनच माणसे उरली आहेत, अशा वेळी जो निर्णय घ्यावा लागतो तोच हा खेळ. माझ्या मते यापुढे या कल्पनेत मोलाची भर फारशी पडलेली नाही.

पुढच्याच वर्षी ‘मास्टर ऑफ ओरायन’ आला आणि त्यावर लिहिताना खेळ-समीक्षक अ‍ॅलन एमरिक यांनी अशा खेळांना ‘फोर-एक्स’ हे नाव दिले : शोध, विस्तार, उपसा आणि उच्छेद (इंग्रजीत एक्सप्लोर, एक्सपांड, एक्सप्लॉइट, एक्सटर्मिनेट). इथे ठिपके नव्हते. टेहळणीचे जहाज पोहोचले की ग्रह कळे आणि त्याची श्रीमंती एका शब्दात लिहिलेली असे. ‘समृद्ध’ म्हणजे कारखान्यांचे काम दुप्पट, ‘अतिसमृद्ध’ म्हणजे तिप्पट. बेळगावात वाढलेल्याला हा शब्द जरा सोपा वाटतो. पश्चिमेकडे जांभ्या दगडाच्या सड्यांवर बॉक्साइट सापडते आणि शहरात अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आहे. तिथे माती किती श्रीमंत हे नुसत्या अ‍ॅल्युमिनावर ठरत नाही, त्यात सिलिका किती हेही बघावे लागते, कारण ती शुद्धीकरणाला लागणारा कॉस्टिक सोडा खाते आणि खर्च वाढवते. खेळकर्त्यांनी हा सारा व्याप एका गुणकात बसवला. शंभर ग्रह सांभाळणाऱ्याला तेवढेच परवडते.

पुढे किंमत खेळणाऱ्याच्या हातावर आली. २०१० च्या ‘मास इफेक्ट २’ने आधीच्या भागातली गाडीवरची भटकंती काढून टाकली आणि ग्रहगोलावर कर्सर फिरवायला लावले. माउसचे उजवे बटण दाबून धरायचे, कर्सर चिखलात रुतल्यासारखा सरके, बाजूच्या आलेखात उसळी दिसली की प्रोब, म्हणजे खनिज आणणारे छोटे यंत्र, सोडायचा. मग इरिडियम, प्लॅटिनम, पॅलेडियम किंवा एलिमेंट झीरो हे खेळातले काल्पनिक मूलद्रव्य हाती येई. टिळकवाडीतल्या आमच्या खोलीत हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चाले. घरमालकीणबाई पहाटे पाणी भरायला उठल्या की दारातून विचारत, “अजून तेच कराल्यास होय?” धोका शून्य आणि कंटाळा भरपूर, अशी तक्रार जगभर झाली. २०१२ च्या तिसऱ्या भागात स्कॅनची लहर सोडली की शत्रू सावध होऊ लागला. किंमत पुन्हा हातावरून धोक्याकडे वळली.

२०१६ च्या ‘स्टेलारिस’ने हे काम खेळणाऱ्याच्या हातून काढून खेळातल्या वैज्ञानिकाकडे दिले. सर्वेक्षणाचे जहाज एकेक ग्रह दिवस मोजत तपासते, त्याशिवाय खाणकेंद्र बांधता येत नाही, आणि मध्येच एखादी विसंगती, म्हणजे उलगडा न होणारी गोष्ट, सापडते. सुरुवातीला अशा विसंगतीच्या तपासात अपयशाचा धोका होता, क्वचित वैज्ञानिकाचा जीवही जाई. २०१८ च्या एका अद्ययावत आवृत्तीत तो धोका काढला गेला. वैज्ञानिक कच्चा असला तर आता फक्त दिवस जास्त लागतात. भाचा हा खेळ खेळतो. त्याची जहाजे सर्वेक्षण करत असतात तोवर तो जेवून येतो. ‘स्टार कंट्रोल २’मध्ये लँडरमधली माणसे मरत, हे मी सांगितले तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारले, “मग सेव्ह करून ठेवत नव्हता काय?” ठेवत होतो, अर्थातच.