लिटल ब्लूस्टेम की बिग ब्लूस्टेम? आधी तुरा बघा

दोन्ही उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीतली बहुवर्षायू गवतं. दोघांच्या कांड्यांवर निळसर झाक असते आणि पानगळीच्या दिवसांत दोन्ही तांबूस होतात. नावांमुळे तर लिटल म्हणजे बिगचंच ठेंगणं रूप, असा समज होतो. तसं नाही. पूर्वी दोघांची गणना अँड्रोपोगॉन या एकाच वंशात होत असे, म्हणून जुन्या पुस्तकांत लिटल त्या नावाखाली सापडतं. आज बिग आहे अँड्रोपोगॉन गेरार्डी आणि लिटल स्किझाकायरियम स्कोपेरियम. नातं जवळचं, पण वंश वेगळा.

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे तुरा. बिगच्या दांड्याला शेंड्यावर बहुधा तीन फाटे फुटतात, टर्की पक्ष्याच्या पंजासारखे. त्यावरूनच त्याला टर्कीफूट म्हणतात. लिटलचे तुरे बारीक, एकेकटे आणि दांड्यावर ठिकठिकाणी असतात. बी पिकलं की त्यांवर पांढरी लव येते आणि तिरप्या उन्हात सगळा ठोंब उजळतो. माझ्या मते हे गवत लावायला तेवढं एक कारण पुरेसं आहे. तुरा आलेला नसेल तर बुंधा बोटांनी चाचपा: लिटलचा चपटा लागतो.

बागेत खरा फरक पडतो तो आकाराने. लिटल दोन ते चार फूट वाढतं आणि ठोंब जागच्या जागी राहतो. बिग चार ते आठ फूट जातं आणि जमिनीखालच्या आखूड खोडांनी हळूहळू रुंदावतं. त्याची मुळं तीन मीटरपर्यंत खोल जातात, त्यामुळे जागा चुकली तर नंतर उपटणं फार जड जातं. लहान वाफ्यात ते लावूच नये. मोठ्या बागेत, मागच्या बाजूला, जड मातीतही ते छान रुळतं.

लिटलला मात्र निचरा हवाच. हिवाळ्यात मुळाशी पाणी साचलं तर ते मरतं. हलकी, मुरमाड जमीन आणि दिवसभर ऊन एवढ्यावर ते खूश असतं. लोक मायेने खत घालतात, पाणी देतात आणि मग ऐन बहरात ठोंब मधूनच फाकून आडवा पडतो. कसदार मातीच असेल तर 'स्टँडिंग ओव्हेशन'सारखा ताठ उभा राहणारा वाण निवडा. लहान म्हणून त्याला दुय्यमही समजू नका: नेब्रास्काने 1969 मध्ये राज्याचं गवत म्हणून लिटललाच निवडलं. इलिनॉयने 1989 मध्ये बिगला मान दिला.

छाटणी दोघांची सारखीच. वाळलेले दांडे हिवाळाभर उभे ठेवा, पाखरं बी टिपतात. हिवाळा सरता सरता वीतभर ठेवून कापा. दोन्ही उबेची गवतं असल्याने शेजारची झाडं हिरवी झाली तरी ही काही काळ सुकलेलीच दिसतात. मेली समजून खणू नका, माती तापली की बुडातून कोंब येतात.