पार्श्वभूमी : मुंबईचे मलजल आणि समुद्र

वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. या सात ठिकाणी मिळून दररोज २,४६४ दशलक्ष लिटर मलजल शुद्ध करणारी केंद्रे उभी राहत आहेत. वरळीचे सर्वांत मोठे, ५०० दशलक्ष लिटरचे. जानेवारी २०२३मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. इतके मोठे काम एकदम का काढावे लागले, याचे उत्तर जुन्या मुंबईच्या एका सवयीत आहे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत शौचकूपांतला मैला हलालखोर, म्हणजे सफाई कामगार, डोक्यावरून वाहून नेत, आणि त्यासाठी पालिका ‘हलालखोर कर’ घेई. पुढे भूमिगत गटारे आली, वरळीला लव्हग्रोव्हचे उदंचन केंद्र (पंपिंग स्टेशन) आले आणि शहराची घाण पंपाने वरळीच्या किनाऱ्यावरून समुद्रात जाऊ लागली. घाण डोळ्यांआड झाली, एवढीच तेव्हाची कामगिरी. समुद्र हेच शुद्धीकरण केंद्र, असे जणू ठरूनच गेले.

अपवाद होता तो माटुंग्याला. तिथल्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्याच्या टाक्यांवर झाकणे घालून वायू गोळा केला गेला आणि त्यावर इंजिने चालवली गेली. हे कुष्ठधाम ज्यांच्या पुढाकाराने उभे राहिले, ते पालिका आयुक्त अॅकवर्थ म्हणजे मराठी पोवाडे गोळा करणारे तेच साहेब. मैल्यातून काहीतरी मिळवता येते हे मुंबईने इतक्या लवकर पाहिले होते. शहरभर मात्र ते पोचले नाही.

१९९५मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाने मलनिस्सारण प्रकल्पाचा मोठा टप्पा सुरू झाला. वरळी आणि वांद्र्याला समुद्रतळाखालून सुमारे ३.४ किलोमीटर लांबीची सागरी पातमुखे, म्हणजे मलजल आत समुद्रात नेऊन सोडणारे बोगदे, बांधली गेली. जाळीतून कचरा अडवायचा, रेती खाली बसू द्यायची आणि उरलेले पाणी खोल समुद्रात सोडायचे. भरती-ओहोटीने ते पातळ होते, उन्हाने आणि खारेपणाने जंतू मरतात. उघड्या समुद्रापुरते हे गणित चुकीचे नव्हते, आणि किनाऱ्याला त्याचा फायदाही झाला.

गणित फसले ते खाडीत. मालाडची खाडी किंवा ठाण्याची खाडी म्हणजे अरुंद, गाळाने भरलेले पाणी. आत आलेले मलजल ओहोटीला थोडे सरकते आणि भरतीला पुन्हा माघारी येते. मैला कुजवताना जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासळी गुदमरते. मलजल शुद्ध करायला घाटकोपर, भांडुपला हवा खेळवलेली तळी होती. मालाडला तर जवळपास नुसती गाळणीच. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याला हे कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी कळले असणार.

नव्या केंद्रांत जीवाणूंचे हेच काम जमिनीवर, टाक्यांत करवून घ्यायचे आहे. टाकीत भरपूर हवा सोडली की ते मैला तिथेच फस्त करतात आणि समुद्राचा प्राणवायू वाचतो. पाण्यातला मैला कुजवायला जीवाणूंना किती प्राणवायू लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. समुद्रात सोडायच्या पाण्यासाठी जुनी मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये नव्या केंद्रांसाठी ती १०वर आणली. मधल्या वर्षांत निकष बदलत गेले आणि निविदा रखडत गेल्या. कुलाब्याचे ३७ दशलक्ष लिटरचे छोटे केंद्र तेवढे या सातांच्या आधी मार्गी लागले.

एक गंमत अशी की, ठाणे खाडीत हजारोंनी येणाऱ्या रोहित पक्ष्यांचे खाद्य असलेले शेवाळ याच मलजलातल्या पोषक द्रव्यांवर पोसते, असे काही अभ्यासक मानतात. ही खाडी २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पाणी स्वच्छ झाल्यावर पक्षी काय करतील, यावर नजर ठेवावी लागेल.

आणि केंद्रे सुरू झाली तरी त्यांच्यापर्यंत पोचेल तेवढेच पाणी ती शुद्ध करणार. गटारवाहिन्या नसलेल्या वस्त्यांचा मैला पावसाळी नाल्यांत उतरतो आणि मिठी नदीतून थेट माहीमच्या खाडीत जातो.