ठेचा, उलट्या आणि जीडीएफ-१५

‘आम्हाला काय दिवस गेले नव्हते? आलं चघळ, थांबेल.’ दादरच्या एका प्रसूतिगृहात भाचीला भेटायला गेलो होतो, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या मुलीला तिच्या सासूबाई ऐकवत होत्या. मुलीला दहावा आठवडा. घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं.

मळमळ बहुतेकींना होते. पण शंभरात फार तर दोन-तीन जणींचं वजन उलट्यांनी पाच टक्क्यांहून जास्त उतरतं, लघवीत कीटोन (उपाशी शरीर चरबी जाळतं तेव्हा बनणारे पदार्थ) दिसतात. याला हायपरएमेसिस म्हणतात. ही नाटकं नव्हेत, हे आता रेणूच्या पातळीवर कळलंय.

डिसेंबर २०२३मध्ये ‘नेचर’मध्ये मार्लेना फेज्झो, स्टीफन ओ’राहिली आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं. गुन्हेगार एक प्रथिन, जीडीएफ-१५. गरोदरपणात ते मुख्यतः गर्भाकडून, वारेतून आईच्या रक्तात उतरतं आणि मेंदूच्या देठाशी असलेल्या जीएफआरएएल या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतं. तिथून मळमळ सुरू होते. पण खरी गंमत सवयीची आहे. लहानपणापासून ठेचा खाणाऱ्याला मिरची बाधत नाही, तसंच इथे. एरवी रक्तात हे प्रथिन कमी असणारीला अचानक आलेला लोंढा झेपत नाही. उलट बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ते कायम चढलेलं असतं, त्या बायकांना मळमळ फारच कमी. काहींच्या जनुकातल्या बदलामुळे या प्रथिनात २११व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसीन येतं. हे प्रथिन जोडीनं बनतं, त्यामुळे बिघडलेला जोडीदार चांगल्यालाही पेशीबाहेर पडू देत नाही. आईची पातळी खाली. तोच बदल बाळातही उतरला, तर लोंढाच लहान!

‘उलट्या जास्त म्हणजे मुलगी’ हेही त्या खोलीत बोललं गेलंच. आकडेवारी मुलींकडे जराशी झुकते, पण त्यावरून एकीच्या पोटातलं काही सांगता येत नाही. आणि कळलं तरी कुणाला काय करायचंय?

तेवढ्यात सिस्टर आल्या. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी त्यांनी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. दिवसेंदिवस उपाशी शरीरात बी-१ संपत आलेलं असतं. ते न देता ग्लुकोज सोडलं, तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. मग किडनी ट्रे हाताशी ठेवला, ओल्या कापसानं तिचे ओठ पुसले आणि विचारलं, ‘कसला वास सहन होत नाही गं?’

मुलगी सासूबाईंकडे बघत पुटपुटली, ‘मोगऱ्याचा.’

सासूबाईंनी गजरा काढून पिशवीत टाकला. सिस्टरनी ती पिशवीही बाहेर ठेवायला लावली.